संयम मंडळ आणि आल्याचं पाणी

माझा भाऊ थाविन याला आयुष्यात कशाचीच घाई नव्हती. लग्नाची तेवढी झाली, तीही दुसऱ्या लग्नाची. पहिली बायको गेल्यापासून तो माझ्या कॉफीच्या दुकानामागच्या खोलीत राहत होता. पहाटे रबराच्या बागेत चीक काढायचा आणि उजाडल्यावर परत आला की अंगणातल्या क्राथोमच्या झाडाखाली उभा राहायचा. बाजारात बायका वांगी निवडतात ना, अगदी तशी पानं निवडायचा. हे पान नको, याला भोक आहे. ते नको, कोवळं आहे. शेवटी एक खुडायचं, पँटीला पुसायचं, मधली शीर सर्रकन ओढून फेकायची, उरलेल्याची घडी गालात सारायची आणि वरून माझी फुकटची काळी कॉफी. शीर गिळायची नाही हे आमच्याकडे पोराला अक्षरओळखीआधी कळतं. गिळणाऱ्याच्या पोटात चोथ्याचं गाठोडं बांधलं जातं म्हणतात. थाविनच्या पोटात गाठोडं नव्हतं. त्याचं जे काही होतं ते डोक्यात होतं.

पानाला मी नावं ठेवत नाही. आमचे वडील पान खाऊन उन्हात दिवसभर राबले. पान गालात असलं की कंबर दुखायची राहते, भूक मरते, आणि मुका माणूससुद्धा दोन शब्द बोलतो. बंदीच्या काळात पोलीस यायचे, झाड तोडायचे, जाताना माझ्याकडे कॉफी प्यायचे. मग बुंध्याला पुन्हा धुमारे फुटायचे. त्या काळात लोक पान खायचे, एवढंच. सरकारनं पान मोकळं केलं आणि सगळं बिघडलं. कोणी पान खाईनासं झालं. जो तो संयम करू लागला.

संयमाची सुरुवात जरून गुरुजींनी केली. शाळेतून निवृत्त झाल्यावर समोर वर्ग नसल्यामुळे त्यांचा जीव घुसमटत होता. फोनवर काहीबाही वाचून ते एका सकाळी माझ्या दुकानात आले, कोपऱ्यातल्या टेबलावर बसले आणि म्हणाले, "पान वाईट नाही. सवय वाईट. शरीराला पानाची ओळखच पटू द्यायची नाही."

"म्हणजे कसं, गुरुजी?" थाविन.

"फसवायचं. शरीर मूर्ख असतं."

"हे मात्र खरं," मी म्हटलं, पण ते मला उद्देशून बोलत नव्हते.

अशा रीतीनं आमच्या दुकानात संयम मंडळ स्थापन झालं. सभासद चारपाच. त्यांत थाविन सगळ्यांत उत्साही. रोज सकाळी बैठक. बैठकीत संयमावर चर्चा, आणि चर्चेला बळ यावं म्हणून मध्यभागी पानांची ताटली.

पहिला नियम असा झाला की रोज एकाच जातीचं पान खायचं नाही. एक दिवस लाल शिरेचं, दुसऱ्या दिवशी हिरव्या शिरेचं, तिसऱ्या दिवशी राक्षसदाती, म्हणजे ज्याच्या टोकाला दोन सुळे असतात ते. शरीराला कळायच्या आत पान बदललेलं असेल! आता पळसाला पानं तीनच, हे कोणी त्यांना सांगायचं? शरीर काही फसलं नाही. आधी त्याला एका पानाची आठवण यायची, आता तिघांची येऊ लागली. लाल शिरेच्या दिवशी थाविन हिरव्यासाठी उसासे टाकायचा.

दुसरा नियम संख्येचा. इतकीच पानं, वर एकही नाही. नियम संख्येचा होता, आकाराचा नव्हता. त्यामुळे कोवळ्या पानांना आमच्या झाडावर अभय मिळालं आणि पंख्याएवढी जून पानं शोधण्यासाठी माझा पन्नाशीचा भाऊ फांद्यांवर चढू लागला.

तिसरा नियम उपवासाचा. उपोसथाच्या, म्हणजे विहारातल्या व्रताच्या दिवशी पान चावायचं नाही. मला वाटलं, चला, हे तरी बरं. त्या दिवशी गुरुजी पोलादी थर्मास घेऊन आले. आत उकळलेल्या पानांचं पाणी.

"गुरुजी, आज उपवास ना?" मी विचारलं.

"चावायचा उपवास, लमाय. हे पेय आहे. पेय कोणी चावतं का?"

ख्लिंगमामा तेवढे मंडळात नव्हते. ते नेहमी शेजारच्या बाकावर असायचे. कोळशासारखे काळे, कोरड्या ओठांचे, गालात कायम फुगवटा. पान किती खाता विचारलं तर म्हणायचे, "झाडाला विचार." मंडळाला मामांचा फार उपयोग होता. प्रत्येक जण आपला संयम मोजताना त्यांच्याकडे बोट दाखवायचा. "मी काय मामाएवढं खातो का?" मामा सभासद नव्हते, माप होते. एकदा त्यांना ताप आला आणि ते आठवडाभर आले नाहीत, तर मंडळाला काय करावं ते सुचेना.

आता पावसाबद्दल सांगते. पान अंगात किती मुरलंय हे माणूस कधी खरं सांगत नाही. आभाळ सांगतं. पान ज्याचं मालक झालं, तो ढग बघूनच घरात शिरतो. खिडकी लावतो. अंगावर थेंब पडला तर मांजरासारखा शहारतो, हाडं वाजतात म्हणतो. आमच्या भागात ऊन चार महिने आणि पाऊस बाकी सगळं वर्ष, त्यामुळे कोण किती पाण्यात आहे ते गावाला बरोबर कळतं. रिमझिम सुरू झाली की माझं कोपऱ्यातलं टेबल ओस पडायचं. थाविन मागच्या खोलीत पांघरुणाची गुंडाळी होऊन पडायचा आणि आतून हाक मारायचा, "लमाय, कॉफी इकडेच आण गं. मला जरा लिहायचंय."

त्याला लिहिताना मी शाळेतसुद्धा पाहिलं नव्हतं.

तर अशा या माणसाला फयोम आवडली.

फयोम म्हणजे बाजाराच्या तोंडाशी तांदळाच्या शेवया आणि माशाचं कालवण विकणारी विधवा. माझी मैत्रीण. दंड माझ्या मांडीएवढे, आणि जीभ त्याहून मजबूत. थाविन रोज तिच्याकडे जेवायला जाऊ लागला. पानानं भूक मेलेली, तरी दोन-दोन वाट्या संपवायचा, हे मीच पाहिलं आणि समजले की प्रकरण गंभीर आहे. मला आनंदच झाला. एक तर माझा भाऊ मार्गी लागणार होता, दुसरं म्हणजे माझ्या पोत्यांना ती मागची खोली हवी होती.

त्यानं तिला विचारलं ते माझ्या देखत. तेवढा धीर त्याला एकट्यानं झाला नसता.

"फयोम, आपल्याकडे जुनी माणसं म्हणायची, जावई बघावा तो पान खाणारा बघावा. दारुडा आळशी, पानवाला कष्टाळू."

"कष्टाळू खरं," फयोम कालवण ढवळत म्हणाली. "उन्हात."

"आणि मी तर संयमानं खातो. मंडळात विचार कोणालाही."

फयोमनं पळी थांबवली. "थाविन, माझा नवराही संयमानंच खायचा. त्याची हद्द ठरलेली होती. जिथवर हात पोचेल तिथवर. एका वादळात आमच्या छपराचा पत्रा उडाला, तेव्हा तो पांघरुणात होता आणि मी शिडीवर. वरून मी ओरडतेय, खालून तो म्हणतो, 'खिळे जपून वापर.' पुढे तो तापानं गेला, पानानं नाही. भला माणूस होता. पण मी पुन्हा शिडीवर चढणार नाही."

"मी तसा नाही."

"सगळे असंच म्हणतात."

"मी पान खातो. पान मला खात नाही."

हे वाक्य गुरुजींचं होतं. मंडळात रोज म्हटलं जायचं.

फयोमनं थोडा विचार केला. मग म्हणाली, "रथाचा दिवस जवळ आलाय. आदल्या संध्याकाळपासून पान नाही. सकाळी दोराला हात लावायचा तो रथ नदीकाठच्या विहारात पोचेपर्यंत सोडायचा नाही. पाऊस आला तर पावसात. एवढं केलंत तर मी हो म्हणेन. नाही जमलं तर येऊन जेवत जा, बाकी काही विचारू नका."

"म्हणजे पान सोडू म्हणतेस?"

"मी सोडा म्हणतच नाहीये. एक दिवस ते तुम्हाला सोडतं का, ते बघायचंय."

थाविन घरी येताना शीळ घालत होता. एक दिवस! एका दिवसात काय आहे? मी मात्र त्याची शीळ ऐकून आभाळाकडे बघितलं. भिक्खूंचा वर्षावास संपला की आमच्याकडे बुद्धाच्या मूर्तीला रथात बसवून गावभर ओढतात, आणि त्या दिवशी पाऊस आला नाही असं वर्ष मला आठवत नाही.

मंडळाची तातडीची बैठक झाली. गुरुजींनी फळ्यासमोर उभं राहावं तसं माझ्या कपाटासमोर उभं राहून विषय मांडला. पानं हळूहळू उतरवत न्यायची. थाविननं मान डोलावली, आणि एक सांगते, त्यानं खरंच उतरवली. काही दिवस तरी. तिसऱ्या जातीला रजा दिली, मग दुसरीला. फांद्यांवर चढणं थांबवलं. नाक गळायला लागलं, जांभयांवर जांभया, डोळ्यांतून विनाकारण पाणी. संध्याकाळी बसल्या जागी त्याचे पाय उडायचे, कोणी दोरी बांधून ओढतंय तसे. मी मलम चोळून द्यायचे. लहानपणी तो मला ओढ्यातून पाठीवर घेऊन न्यायचा, त्याच पायांना.

"दुखतंय?" मी विचारायचे.

"दुखत नाही. आतून खाजवतंय," तो म्हणायचा. "तिला सांगू नकोस."

"सांगितलं तर ती मऊ पडेल."

"म्हणूनच सांगू नकोस."

त्या दिवसांत मला माझा भाऊ आवडला. मंडळाला नाही आवडला. तो बैठकीत ताटलीकडे बघायचा नाही, आणि त्यामुळे बाकीच्यांना ताटली दिसू लागली होती.

रथाच्या आदल्या दिवशी दुकानात बायकांची गर्दी. ताडाच्या पानात चिकट भात भरून त्रिकोणी गुंडाळ्या करायच्या, त्या रथाला टांगतात. आम्ही त्याला तोम म्हणतो, आणि क्राथोमला आमच्या बोलीत नुसतं थोम. त्यावरून दरवर्षी तोच विनोद होतो, बायकांचा तोम आणि बाप्यांचा थोम, आणि दरवर्षी आम्ही हसतो. थाविन एका बाजूला बसून बोटांत काहीतरी हवं म्हणून आमच्या गुंडाळ्या वळत होता. तेवढ्यात गुरुजी आले, त्याच्या कानाशी वाकले. कुजबुज त्यांना कधी जमली नाही, वर्गाला ऐकू जाईल असंच बोलायची सवय.

"तिचे शब्द नीट आठव. ती काय म्हणाली? पान नाही. बरोबर?"

"बरोबर."

"पाणी नाही असं म्हणाली का?"

थाविननं आणखी एक गुंडाळी वळायला घेतली. मी गुरुजींच्या हातात भाताची परात दिली आणि त्यांना बाहेर बसवलं. मला वाटलं, विषय संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ जमिनीला टेकलेलं. थाविन खोलीतून बाहेर आला तो एकावर एक दोन रेनकोट, डोक्याला तांदळाची प्लास्टिकची पिशवी, गळ्यात थर्मास. आल्याचा घमघमाट सुटला होता.

"आल्याचं पाणी," तो म्हणाला. "थंडीला."

मी मनातल्या मनात त्याची पाठ थोपटली. एवढं शहाणपण याला कुठून आलं म्हटलं!

रथाला दोन दोर असतात, एक पुरुषांचा, एक बायकांचा. पुढे ढोल. गावातल्या विहारापासून नदीकाठच्या विहारापर्यंत रस्ता सरळ नाही, बाजाराला वळसा घालून जातो, म्हणजे सगळ्या गावाला सगळ्यांची फजिती बघता येते. आम्ही निघालो आणि ढोलाच्या तिसऱ्या ठेक्याला पाऊस आला. आला म्हणजे कोसळला. पुरुषांच्या दोरावरची काही माणसं एकदम लघवीला गेली, ती परत आली नाहीत. ख्लिंगमामा आदल्या दुपारपासूनच पांघरुणात होते. गुरुजी ध्वनिक्षेपक घेऊन शाळेपाशी उभारलेल्या मंडपाच्या ताडपत्रीखाली उभे राहिले आणि तिथून आम्हाला उत्तेजन देऊ लागले. "ओढा! ओढा! पुण्य ओढल्यानं मिळतं!"

आणि थाविन ओढत होता! पिशवीवरून पाण्याच्या धारा, दात आवळलेले, पाय चिखलात रुतताहेत, तरी दोराला जळवेसारखा चिकटलेला. रथ थांबला की थर्मासमधून एक घोट, पुन्हा दोर. लोक बघायला लागले. "अरे, थाविन पावसात!" कोणी म्हणालं, "रबराच्या झाडाला पंख फुटले." बायकांच्या दोरावर मी फयोमच्या मागे होते. ती मुळीच बघत नव्हती. दर चार पावलांनी मान वळवून ती मुळीच बघत नव्हती. बाजाराच्या वळणावर तर मला तिचा चेहरा दिसला, आणि त्यावर इतक्या वर्षांत न दिसलेलं काहीतरी होतं. लाजणं म्हणणार नाही, फयोमला ते शोभणार नाही. पण जवळपासचं.

शाळेपाशी रथाचं चाक खड्ड्यात बसलं. ढोल थांबले. फळ्या आणायला माणसं धावली. बाकीचे आम्ही तिथेच, केस गालाला चिकटलेले, कुडकुडत उभे. फयोमनं दोर माझ्या हातात दिला आणि सरळ पुरुषांच्या दोराकडे गेली.

"थाविन."

"अं?"

"अजून दोरावर आहात तर."

"आहे की." त्याचा आवाज जरा जास्तच मोकळा होता, पण ते माझ्या नंतर लक्षात आलं.

"काय आहे हो त्यात?"

"आल्याचं पाणी."

"द्या एक घोट. गारठलेय मी."

थाविननं थर्मास छातीशी धरला. "फार गरम आहे."

"म्हणून तर मागतेय."

"उष्टं आहे."

"अहो, लग्न करायला निघालात ना? उष्ट्याचं काय घेऊन बसलात?"

दोराभोवतीची माणसं खदखदली. थाविनही हसला. मग त्यानं काय करावं? नाही म्हणता आलं असतं. सांडून टाकता आलं असतं, चिखल काय तक्रार करणार होता? खरं सांगता आलं असतं, पण ते त्या क्षणी कोणाला सुचतं? माझ्या भावानं झाकण उघडलं, थर्मास तोंडाला लावला आणि अख्खा, तळापर्यंत, डोळे मिटून, घटाघटा पिऊन टाकला. मग तो उलटा करून दाखवला.

"संपलं," तो म्हणाला.

ताकाला जाऊन भांडं लपवणारे मी पाहिले आहेत. भांड्यातलं ताकच पिऊन टाकणारा पहिल्यांदा पाहिला.

फळ्या आल्या, चाक निघालं, ढोल सुरू झाले. थाविननं दोर धरला. थोडं अंतर तो चालला. मग वाकडा चालला. मग दोर सोडून रथाच्या चाकापाशी बसला, आणि पोटात होतं नव्हतं ते सगळं बाहेर आलं. हिरवं. आमच्या गावात तो रंग कोणाला ओळखायला शिकवावा लागत नाही. रथातल्या बुद्धानं डोळे आधीपासूनच मिटलेले होते, ही त्याची करुणा.

तेवढ्यात ताडपत्रीखालून गुरुजींचा आवाज गावभर घुमला, "थाविन यांना ऊन लागलं आहे! कृपया जागा द्या! ऊन लागलं आहे!"

मुसळधार पावसात!

फयोमनं थर्मासचं झाकण उचललं, हुंगलं आणि खाली ठेवलं. थाविन चिखलात बसूनच म्हणाला, "तुला बाधलं असतं फयोम. तुला सवय नाही. म्हणून मी..."

"मला बाधू नये म्हणून असतं, तर 'देत नाही' म्हणाला असतात." ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "मला कळू नये म्हणून प्यालात. इथे बसून एवढी शोभा करून घेतलीत, पण दोन शब्द बोलवेनात."

ती माझ्या हातातून दोर घेऊन ओढायला लागली. रथ पुढे गेला. मी मागे राहिले, त्याला उचलायला.

दोन दिवसांनी ऊन पडलं आणि मंडळ जमलं. घडल्या प्रकाराची मीमांसा झाली. गुरुजींचं मत पडलं की तत्त्वात चूक नव्हती, थर्मास मोठा होता. संयमी माणसानं लहान थर्मास बाळगावा. कोणी म्हणालं, आलं उष्ण असतं, आल्यानंच घात केला. त्यावर बराच वेळ चर्चा झाली. पुढच्या वेळी गवती चहा वापरावा यावर जवळजवळ एकमत झालं.

थाविन ताटलीकडे बघत बसला होता. मग म्हणाला, "मला पानाशिवाय राहता येत नाही."

"तसं नाही, तुझा क्रम चुकला—"

"क्रम नाही गुरुजी. राहताच येत नाही. मी नुसता येतं म्हणायचो."

"हळू बोल," गुरुजी इकडेतिकडे बघत म्हणाले.

"तुम्हालाही येत नाही."

आता मंडळाच्या इतिहासात असं वाक्य कोणी उच्चारलं नव्हतं. एक जण खोकला. एकाला रबराच्या बागेची आठवण झाली. गुरुजींनी उठून जाहीर केलं की हे संयमी लोकांचं मंडळ आहे; ज्याला संयम नाही असं तो स्वतःच्या तोंडानं म्हणतो, त्याला सभासद राहता येणार नाही. सर्वांनी हात वर केले. वर केलेल्या हातांपैकी एकात पान होतं.

तर माझ्या भावाला पान खाण्याबद्दल नाही, ते कबूल करण्याबद्दल मंडळातून काढलं. तो आपली कॉफी उचलून स्वयंपाकघराच्या दाराशी माझ्याजवळ येऊन बसला. मी त्याला लसूण सोलायला दिला.

पुढचं सांगण्यात फार मजा नाही. आरोग्यकेंद्रातली बाई म्हणाली, एकदम तोडू नका, थोडं थोडं कमी करा, आणि युक्त्या करू नका. युक्त्या नाहीत म्हटल्यावर करायला काही उरतच नाही, हीच तर अडचण. तो माझ्यासमोर पान फाडायचा, अर्धं गालात, अर्धं माझ्या हातात. दुपारी ते अर्धं मागायचा. मी द्यायचे नाही. मग मी दुष्ट, मी आईची लाडकी, मी लहानपणी त्याचा भोवरा मोडला होता. एकदा कप फुटला म्हणून रडला. कप माझा होता. खरं सांगते, दोन-तीनदा माझ्या मनात आलं की याला परत मंडळात पाठवावं. तिथे निदान हसतमुख तरी असायचा. काही दिवस अर्ध्याचं पाऊण व्हायचं, कधी एकाचं दीड. पण झालं की तो सांगायचा. न विचारता सांगायचा, हा नवाच त्रास. गिऱ्हाईक "कसा आहेस" विचारायचं आणि हा त्याला पान, पोट, झोप सगळं ऐकवायचा. लोकांनी विचारणं बंद केलं.

फयोमकडे मात्र तो गेला नाही. जेवायलाही नाही.

मग वर्षअखेरचा मोठा पाऊस लागला, दरसालचा, सगळीकडे पाणी करणारा. रबराच्या बागा बंद. एका सकाळी मी छत्री घेऊन फयोमकडे शेवया आणायला निघाले, तर मागे पचपच आवाज. थाविन. रेनकोट नाही, पिशवी नाही.

"छत्रीत ये."

"नको. मावत नाही दोघं." नाकातून पाणी, ओठ निळे. चालताना तो पावसाला शिव्या घालत होता, एकामागून एक, अगदी पद्धतशीर.

फयोम पत्र्याखाली शेवया पाडत होती. मोठ्या पातेल्यात पाणी खळखळतंय, वर लाकडी साचा, साच्याच्या दांड्यावर तिचा सगळा भार. तिनं आम्हाला पाहिलं, दांडा सोडला नाही.

थाविन पत्र्याच्या बाहेरच थांबला. मी आत ओढलं तरी आला नाही.

"मी काही विचारायला आलो नाहीये," तो म्हणाला.

"बरं."

"तू म्हणाली होतीस, बाकी काही विचारू नका."

"म्हणाले होते."

पाऊस इतका होता की दोघांना ओरडून बोलावं लागत होतं. शेजारच्या सुपारीवालीनं काम थांबवून खुर्ची वळवून घेतली.

"आज घेतलंत?" फयोमनं विचारलं.

"घेतलं. अर्धं."

"लहान पानाचं की मोठ्या?"

थाविननं नाक वर ओढलं. मी मनात म्हटलं, अरे देवा.

"मोठ्या," तो म्हणाला. "चांगलं मोठं होतं."

फयोमचं तोंड जरा वाकडं झालं. ते हसू होतं की काय, वाफेतून कळलं नाही. "आणि उद्या?"

"उद्याचं ठाऊक नाही."

तिनं दांड्यावरचा भार काढला. माझ्याकडे वळून म्हणाली, "लमाय, माझ्या नवऱ्याला उद्याचं नेहमी ठाऊक असायचं गं. 'उद्यापासून बंद,' म्हणायचा." मग त्याच्याकडे बघून, "तिथे उभं राहून गावाला काय दाखवताय? या, हा दांडा धरा. माझे खांदे भरून आलेत."

तो आला. अंगावरून पाण्याची धार लागलेली, तसाच दांड्यावर झुकला. शेवया तुटक तुटक पडायला लागल्या.

"एकसारखं दाबा. आणि नाक पुसा आधी, माझ्या पिठात पडेल."

"पुसू कशानं? सगळंच ओलं आहे."

तिनं खांद्यावरचं फडकं त्याच्या तोंडावर फेकलं. तो नाक पुसून पुन्हा झुकला. शिव्या चालूच होत्या, पण आता साच्याला.

मी विचारलं, कारण कोणीतरी विचारायलाच हवं होतं, आणि सुपारीवालीलाही ऐकायचं होतं. "मग लग्नाचं काय धरायचं?"

"आधी पीठ तर संपू दे," फयोम म्हणाली.

थाविननं मान वर केली. "किती आहे पीठ?"

"पावसाळा संपेपर्यंत पुरेल."

तो मोठ्यानं कण्हला आणि दांडा खाली दाबला.